‘मृत्युंजय’ वाचून झाल्यावर मूळ महाभारत कसे वाचावे?

कोल्हापुरातल्या एका वाचनमंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ वाचून झाल्या, त्यांवर चर्चाही झाल्या. आता मूळ महाभारत मराठीतून वाचायचे तर कोणते भाषांतर घ्यावे? कादंबरीतला एखादा प्रसंग मुळात सापडला नाही तर चूक कुणाची मानायची? आणि मंडळाला कर्ण-कुंती भेटीचे अभिवाचन करायचे आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागते?

हा प्रश्न कोल्हापुरातून यावा हे साहजिक आहे. १९५९ साली ‘ययाति’ आली, १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’ आणि १९७३ मध्ये ‘राधेय’. ‘ययाति’कार वि. स. खांडेकर १९३८ पासून कोल्हापूरचेच झाले होते, ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत आजऱ्याचे, काही वर्षे कोल्हापुरात शिक्षक, आणि ‘राधेय’कार रणजित देसाई चंदगड तालुक्यातल्या कोवाडचे. म्हणजे मराठी माणसाच्या मनात आज जो कर्ण उभा आहे, त्याची घडण बऱ्याच अंशी याच एका जिल्ह्यात झाली. म्हणून इथल्या वाचकाने व्यासांचे पुस्तक उघडले की त्याला धक्काही इतरांपेक्षा मोठा बसतो.

भाषांतर निवडताना आधी भाषा पाहू नका. ते कोणत्या संहितेवरून केले आहे ते पाहा. संहिता मुख्यतः दोन. एक सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धरांच्या टीकेसह चालत आलेली, जिला नीलकंठी किंवा प्रचलित संहिता म्हणतात. नीलकंठांचे घराणे कोपरगावचे, काम काशीत. दुसरी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची चिकित्सित आवृत्ती. १९१९ साली सुरुवात, १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक, १९६६ मध्ये समाप्ती. शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतली बाराशेहून अधिक हस्तलिखिते यासाठी तपासली गेली. परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरांत जे समान सापडले ते वर ठेवले. एखाद्याच परंपरेत असलेले श्लोक तारांकित करून तळटीपेत दिले आणि लांब मजकूर परिशिष्टात घातला. तळटीपेतले ते खोटे, असा याचा अर्थ होत नाही. ते नंतरचे किंवा एका प्रदेशाचे. हे ध्यानात न घेता ‘भांडारकरांनी द्रौपदीची प्रार्थना काढून टाकली’ असे सरसकट बोलले जाते. खरे तर काढलेले सगळे त्याच पुस्तकात, त्याच पानाखाली किंवा परिशिष्टात छापलेले आहे.

हातातले पुस्तक कोणत्या संहितेचे हे प्रस्तावनेत लिहिलेले नसेल तरी दोन मिनिटांत कळते. भीष्मपर्व उघडून गीता शोधा. ती २५ ते ४२ या अध्यायांत असेल तर प्रचलित संहिता, २३ ते ४० मध्ये असेल तर चिकित्सित. दुसरी खूण तिसऱ्या पर्वाच्या नावाची: ‘वनपर्व’ असेल तर बहुधा प्रचलित, ‘आरण्यकपर्व’ असेल तर चिकित्सित. आदिपर्वाच्या आरंभी गणपती लेखनिक म्हणून बसलेला दिसला तर प्रचलित. चिकित्सित आवृत्तीत ती कथा परिशिष्टात गेली आहे. ही खूण महत्त्वाची अशासाठी, की दोघांच्या अध्यायांचे आकडे जुळत नाहीत. मंडळात एकाने ‘उद्योगपर्व १४३’ म्हणावे आणि दुसऱ्याला तिथे भलताच प्रसंग दिसावा, यातच चर्चेची संध्याकाळ निघून जाते. उद्योगपर्वाच्या या भागात फरक दोन अध्यायांचा आहे: कर्ण-कुंती भेट चिकित्सित आवृत्तीत १४३-१४४, प्रचलितमध्ये १४५-१४६.

मराठीत संपूर्ण गद्य भाषांतराचे मोठे काम विसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणकर आणि मंडळीने शास्त्र्यांकडून करवून घेतले. त्याला जोडून चिंतामण विनायक वैद्यांचा ‘उपसंहार’ आहे, आणि तो आजही वाचण्याजोगा आहे. हे काम चिकित्सित आवृत्तीच्या आधीचे असल्यामुळे प्रचलित पाठावरचे. भाषा जुनी, वाक्ये लांब, पण घाई न करता वाचले तर दोन आठवड्यांत कान सरावतो. माझ्या मते मुख्य वाचनासाठी हेच घ्यावे. करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासूनच्या ग्रंथालयात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या खंडांची चौकशी करताना सगळे खंड एकाच आवृत्तीचे आहेत ना, हे तेवढे पाहून घ्या. पुनर्मुद्रणांत खंडांची विभागणी बदलते.

संस्कृत समोर हवे असेल तर गीता प्रेसचे सहा खंड सोयीचे: वर मूळ, खाली हिंदी अर्थ, आणि दक्षिणेकडचे जादा श्लोक तसे नोंदवून दिलेले. ताडून पाहायला चिकित्सित आवृत्ती. तिची संहिता संगणकावर मोफत वाचता येते. इंग्रजीची अडचण नसेल तर बिबेक देबरॉय यांचे दहा खंड (२०१०-१४) चिकित्सित आवृत्तीवरून केलेले आहेत, आणि किसारी मोहन गांगुलींचे १८८३-९६ मधले भाषांतर त्याआधीच्या पाठावरचे. ‘संपूर्ण महाभारत’ असे छापलेला तीनशे पानांचा एकच खंड मात्र सारांश असतो. चिकित्सित आवृत्तीतच १,९९५ अध्याय आणि सुमारे ७४ हजार श्लोक आहेत. ते तीनशे पानांत बसणार नाहीत.

इंग्रजीवरून मराठीत उतरलेली पुस्तकेही बाजारात असतात. ती नावांवरून ओळखू येतात: ‘वासुसेन’ (हवे वसुषेण), ‘कुंति’, ‘शिखंडि’ अशी ऱ्हस्व-दीर्घाची गफलत, आणि ‘धर्म’ या शब्दाच्या जागी पानोपानी ‘कायदा’ किंवा ‘कर्तव्य’. अशी पुस्तके गोष्ट कळण्यापुरती ठीक. चर्चेत त्यांतला शब्द धरून वाद घालू नये.

आता भाषांतराची खरी परीक्षा. त्यासाठी कर्ण-कुंती भेटीचे दोन अध्याय पुरतात. गंगेकाठी जप संपवून कर्ण वळतो, कुंती दिसते, आणि तो म्हणतो: ‘राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये’. राधेचा मुलगा, अधिरथाचा मुलगा, कर्ण मी तुला वंदन करतो. पाठोपाठ विचारतो, ‘प्राप्ता किमर्थं भवती’, आपण कशासाठी आलात? कुंतीचे पहिले उत्तर ‘कौन्तेयस्त्वं न राधेयो’. म्हणजे भांडण सुरू होते ते पहिल्याच शब्दावर, ‘राधेय’वर. देसाईंच्या कादंबरीचे नाव हाच शब्द आहे हे लक्षात आले की ते नावही वेगळे ऐकू येते.

पुढे कर्ण उत्तर देतो तेव्हा संबोधन येते ‘क्षत्रिये’. जिने नुकतेच ‘मी तुझी आई’ म्हणून सांगितले, तिला तो जातीच्या नावाने हाक मारतो. ज्या भाषांतरात इथे ‘माते’ किंवा ‘आई’ असेल ते बाजूला ठेवा, कारण प्रसंगाचा काटाच तिथे मोडला आहे. शिवाय ‘भवती’ आणि ‘त्वया’ यांची या संवादात ये-जा आहे. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतले एक निवडावे लागते, आणि निवडले की नाते ठरून जाते. सगळीकडे ‘तू’ केले तर कर्ण तिला आई मानून बसल्यासारखा वाटतो. सगळीकडे ‘आपण’ केले तर राग निघून जातो. चांगला भाषांतरकार आरंभी ‘आपण’ ठेवतो आणि आरोपाच्या वाक्याला ‘तू’वर येतो. अभिवाचनासाठी कुणी ‘क्षत्रिये’च्या जागी ‘राणीसाहेब’ सुचवील. कोल्हापूरच्या कानाला त्यातले अंतर लगेच कळेलही, पण त्या शब्दाबरोबर सगळा अलीकडचा दरबार येतो. ‘क्षत्रिये’ तसाच ठेवून त्यानंतर क्षणभर थांबावे, एवढे पुरे.

याच उत्तरात एक ओळ आहे: ‘न वै मम हितं पूर्वं मातृवच्चेष्टितं त्वया’. पूर्वी तू माझ्या हिताचे, आईसारखे काही केले नाहीस. इथे ‘चेष्टित’ म्हणजे वागणे. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, आणि मराठी माणसाला संस्कृत वाचताना सर्वांत जास्त दगा देतात ते हेच ओळखीचे शब्द. ‘राग’ तिकडे आसक्ती, इकडे संताप. ‘शिक्षा’ तिकडे शिकवण, इकडे दंड. ‘साहस’ तिकडे बहुधा अविचारी, दांडगाईचे कृत्य, इकडे कौतुकाचा गुण. ‘प्रमाद’ तिकडे बेसावधपणा, इकडे चूक. गीतेतले ‘कृपणाः फलहेतवः’ वाचून फळाची इच्छा धरणारे कंजूष असतात असा अर्थ घेणारे खूप भेटतात. तिथे कृपण म्हणजे कीव यावी असा, दीन. हिंदी किंवा इंग्रजी वाचकाला शब्द परका दिसतो म्हणून तो कोश उघडतो. आपल्याला तो घरचा वाटतो म्हणून आपण उघडत नाही. मंडळात एकाने तरी संस्कृत-मराठी कोश जवळ ठेवावा आणि ओळखीचा शब्द आडवा आला की आधी तोच पाहावा.

‘सूत’ हा शब्दही असाच. त्याचे ‘सारथी’ एवढेच केले की अधिरथ हा गरीब गाडीवान होतो. मुळात सूत म्हणजे सारथ्य करणारा आणि राजांच्या वंशकथा सांगणारा, दरबाराशी जवळीक असलेला वर्ग. आरण्यकपर्वात अधिरथ पहिल्यांदा येतो तो ‘धृतराष्ट्रस्य वै सखा’, धृतराष्ट्राचा मित्र म्हणून. कर्णाची अवहेलना होते हे खरे, पण ती दारिद्र्याची नव्हे, जन्माची अवहेलना आहे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कादंबरीतले मुळात सापडत नाही तेव्हा चार शक्यता असतात: ते प्रचलित संहितेत असते आणि चिकित्सित आवृत्तीच्या तळटीपेत, ते मराठी आख्यानकवींनी घातलेले असते, ते लोककथेतले असते, किंवा ते खुद्द कादंबरीकाराचे असते. चूक-बरोबर ठरवण्याआधी हे ठरवा.

वस्त्रहरणाचे उदाहरण घ्या. चिकित्सित आवृत्तीत सभापर्वाच्या ६१व्या अध्यायात वस्त्र ओढले जाताच तसलेच दुसरे वस्त्र पुनःपुन्हा प्रकट होते, एवढेच आहे. कृष्णाचा धावा तळटीपेत गेला आहे. यावरून ‘कृष्णाचा संबंधच नव्हता’ असा निष्कर्ष काढतात, तो घाईचा आहे. त्याच आवृत्तीत उद्योगपर्वाच्या ५८व्या अध्यायात कृष्ण म्हणतो की मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून आक्रोश केला, ते वाढलेले ऋण माझ्या हृदयातून जात नाही. आणि आरण्यकपर्वात तो सांगतो की मी द्वारकेत असतो तर हे संकट ओढवलेच नसते. तो शाल्वाशी लढायला गेला होता. हाक होती, तो तिथे नव्हता, आणि त्याला त्याची बोच आहे. नंतरच्या कवींनी त्या हाकेला सभेतच उत्तर मिळवून दिले. मुक्तेश्वर, ‘पांडवप्रताप’कार श्रीधर, मोरोपंत यांच्या श्रोत्यांना देव वेळेवर येणारा हवा होता, आणि तो त्यांनी अतिशय देखणा आणला. मुक्तेश्वरांचे सभापर्व या प्रसंगासाठी तरी वाचाच. ओवी मोठ्याने वाचायची, मनात नव्हे.

‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे वाक्य द्रौपदीच्या तोंडी चिकित्सित संहितेत नाही. मयसभेत दुर्योधन पडतो तेव्हा निवेदनात भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि चाकर हसतात. द्रौपदी बायकांसह हसली, हे दुर्योधन नंतर बापाला सांगतो. ती हसली की नाही हे व्यास स्वतः सांगत नाहीत, अपमान झालेल्या माणसाकडून वदवतात. गोष्टीतला केवढा बारकावा एका चटपटीत वाक्यापायी गेला पाहा. वत्सलाहरण आणि जांभूळ आख्यान तर लोकपरंपरेचे. त्यांना मुळात शोधू नये, त्यांच्या जागी त्यांचा आनंद घ्यावा.

आता कर्ण. द्रोणांनी सूतपुत्र म्हणून त्याला शिकवलेच नाही, अशी सर्वत्र समजूत आहे. आदिपर्वात द्रोणांकडे आलेल्या शिष्यांत ‘सूतपुत्रश्च राधेयो’ आहे. शांतिपर्वात सांगितले आहे की द्रोणांनी नाकारले ते ब्रह्मास्त्र, आणि म्हणून तो परशुरामांकडे गेला. स्वयंवरात द्रौपदीने ‘मी सूताला वरणार नाही’ म्हणणे हे प्रचलित संहितेत आहे, चिकित्सितमध्ये खाली गेले आहे. उलट तिथे ब्राह्मण आपसात बोलतात की कर्ण, शल्य अशांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही ते हा बटू काय वाकवणार. द्यूतसभेत द्रौपदीला ‘बंधकी’ (कुलटा) म्हणणारा आणि पांडवांची व तिची वस्त्रे उतरवून आण असे दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. उद्योगपर्वात तो कृष्णाजवळ पश्चात्ताप व्यक्त करतो, पण शब्द नीट पाहा: ‘यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान्’. पांडवांना कडू बोललो, म्हणून आता पोळतो आहे. द्रौपदीचे नाव त्या श्लोकात नाही.

मग ‘मृत्युंजय’ने फसवले का? नाही. सहा निवेदकांच्या आत्मकथनांची ती कादंबरी आहे. माणूस स्वतःबद्दल आणि आपल्या माणसाबद्दल जसे बोलतो तसे ते बोलतात. मुळात कर्णाच्या पत्नींची नावेच नाहीत. ‘अधिरथाने माझी लग्ने लावून दिली’ एवढेच कर्ण कृष्णाला सांगतो. वृषाली तिथून पुढे कादंबरीची. धाकट्या भावांचाही उल्लेख आहे, पण बोलणारा, सावलीसारखा वावरणारा शोण कादंबरीचा. ‘ययाति’त कच पुन्हा परततो, मित्र आणि साधक म्हणून उभा राहतो. आदिपर्वात तो शापाची देवाणघेवाण करून देवलोकी जातो आणि त्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांना भोगाच्या समोर संयम उभा करायचा होता. त्यासाठी त्यांनी मुळातला निघून गेलेला माणूस परत आणला. हे कळले की कादंबरी लहान होत नाही, लेखकाचा हात दिसू लागतो. ‘ययाति’ आवडली असेल तर उद्योगपर्वातले गालवाचे आख्यान जरूर वाचा. ययातीला माधवी नावाची मुलगी होती आणि बापाने तिचे काय केले, हे कादंबरीच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते.

पुनर्कथन काळाचे बोलते हे पाहायला लांब जायला नको. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ चे. कीचकात लोकांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तीच कथा घेऊन कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. विराटपर्वातली कथा एकच, पण प्रेक्षक पारतंत्र्यातला होता.

ललित वाचनाच्या जोडीला दोन निबंधग्रंथ हवेतच: दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७). पहिले रसिकाचे, दुसरे समाजशास्त्रज्ञाचे. ‘युगान्त’ आधी वाचू नका, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्यातले निष्कर्ष इतके ठाम आहेत की नंतर मूळ वाचताना तेच दिसत राहतात. सीमेपलीकडे पाहायचे तर भैरप्पांची कन्नड ‘पर्व’ (१९७९) उमा कुलकर्णींच्या मराठीत आहे; चमत्कार वजा केल्यावर काय उरते, ते तिथे दिसते.

क्रमाबद्दल. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत असा संकल्प करणारी मंडळे बहुधा आदिपर्वातच थांबतात. रोज एक अध्याय म्हटले तरी १,९९५ अध्यायांना साडेपाच वर्षे लागतात, आणि आदिपर्वाच्या आरंभी अनुक्रमणिका, पौष्य, पौलोम, आस्तिक अशी उपकथांची रांग आहे. कौरव-पांडव यायला फार उशीर लागतो. तुमच्यासाठी असे करा. पहिल्या आठवड्यात उद्योगपर्व १३८ ते १४४: आधी कृष्ण-कर्ण, मग कुंती-कर्ण. त्यानंतर आरण्यकपर्व २८४ ते २९४, कुंडलहरण. कर्णजन्माची कथा त्यातच येते. मग आदिपर्व ७० ते ८०, ययाती. एवढ्याने तिन्ही कादंबऱ्यांचा पाया हाती येतो. पुढे सभापर्व सबंध. ७२ अध्याय आहेत, आठवड्याला सहा घेतले तर बारा आठवड्यांत होते. हे सगळे आकडे चिकित्सित आवृत्तीचे. शांतिपर्व (३५३ अध्याय) आणि अनुशासनपर्व (१५४) सुरुवातीला खुशाल सोडा. स्त्रीपर्व मात्र सोडू नका. २७ च अध्याय आहेत आणि युद्धाची किंमत तिथे कळते.

वाचताना वहीत चार रकाने पाडा: प्रसंग, पर्व-अध्याय, तळटीपेत काय आहे, कादंबरीत काय आहे. पात्राचे सगळे उल्लेख एकत्र हवे असतील तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा ‘प्राचीन चरित्रकोश’ उघडा. प्रत्येक विधानाला संदर्भ दिलेला आहे.

अभिवाचनाच्या परवानगीचे असे. व्यासांच्या संहितेवर कुणाचा हक्क नाही. संस्कृत समोर ठेवून तुम्ही स्वतः भाषांतर केले तर कुणाला विचारायला नको. कादंबरीतला वाजवी लांबीचा उतारा जाहीर वाचायला कायद्याची मुभा आहे; त्याहून मोठा भाग कार्यक्रमात वाचायचा असेल तर लेखी परवानगी घ्यावी. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतो. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत; देसाई १९९२, म्हणजे २०५२; सावंत २००२, म्हणजे २०६२. परवानगी वारसांकडून किंवा प्रकाशकांमार्फत मागावी. पत्रात पानांचे आकडे, वाचनाची मिनिटे आणि तिकीट आहे की नाही हे लिहावे, आणि तारखेच्या दोन महिने आधी पाठवावे. वृषाली आणि शोण तुमच्या स्वतःच्या संहितेत घेऊ नका, ती पात्रे जशी आपल्याला ठाऊक आहेत तशी कादंबरीची आहेत. उद्योगपर्वाचे ते दोन अध्याय मात्र तुमचेच आहेत. दोघा वाचकांनी सावकाश वाचले तरी अर्ध्या तासाच्या आत बसतात. राधेचे नाव येते तिथे कर्ण वाचणाऱ्याने आवाज चढवू नये.